घरातलं वाय-फाय : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

१०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, पण फाइल उतरवताना संगणकावर १२ च्या वर आकडा जात नाही. फसवणूक आहे का? (शाहूपुरी)

नाही. कंपनी मेगाबिट मोजते, संगणक मेगाबाइट दाखवतो. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून १०० ला ८ ने भागा : १२.५. तुम्हाला वेग पुरेपूर मिळतोय.

जुना दगडी वाडा आहे. राउटर सोप्यात, आणि परड्याकडच्या खोलीत रेंजची जेमतेम एक कांडी. रिपीटर घ्यावा की मेश? (मंगळवार पेठ)

पैसे घालायच्या आधी मोजा. राउटर सहसा दोन बँडवर चालतो. ५ गीगाहर्ट्झ वेगवान, पण भिंत आली की लगेच क्षीण होतो. २.४ गीगाहर्ट्झ संथ, पण लांब पोहोचतो. काळ्या दगडाच्या दीड-दोन फुटी भिंतीपुढे मात्र दोघांचीही दमछाक होते. म्हणून राउटर टीव्हीच्या मागून आणि लोखंडी कपाटाजवळून हलवा, खांद्याएवढ्या उंचीवर, आतली दारं समोर येतील असा ठेवा. मग अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अॅनालायझर प्रकारचं अॅप घेऊन खोलीखोलीत आकडा बघा. तो डीबीएममध्ये, उणे चिन्हासह येतो. -५० उत्तम, -६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, -८० ला सगळं तुटक.

रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पुढं पाठवणारा डबा, बहुतेक जण रेंज नसलेल्या खोलीतच लावतात, तिथंच चुकतं. त्याला स्वतःलाच सिग्नल मिळत नाही, तर तो पुढं काय देणार? शिवाय एकाच बँडवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर वेग साधारण निम्म्यावर आणतो. मेश म्हणजे एकाच जाळ्यात मिळून चालणारे दोन-तीन डबे. बिनतारी मेशलाही तीच भिंत आडवी येते. दगडी घरात माझा कौल तारेलाच : कॅट ६ केबल परड्यापर्यंत ओढा (१०० मीटरपर्यंत चालते) आणि तिच्या टोकाला घरात पडून असलेला जुना राउटर लावा.

आधी तो एकटाच लॅपटॉपला जोडा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर याचा १९२.१६८.१.२ करा. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचाच द्या. मग केबल लॅन पोर्टमध्ये खोचा, वॅनमध्ये नाही. डीएचसीपी म्हणजे प्रत्येक फोनला पत्ता वाटण्याचं काम. ते दोघं करू लागले की फोन ‘कनेक्टेड’ दाखवतो आणि नेट मात्र कधी असतं, कधी नसतं.

अपार्टमेंटमध्ये संध्याकाळी ७ नंतर नेट रडतं. सकाळी झकास असतं. (राजारामपुरी)

शेजारच्या सगळ्या फ्लॅटचे राउटर त्याच वेळी जागे असतात. २.४ गीगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल (बँडमधले पट्टे) तीनच : १, ६ आणि ११. अॅपमध्ये त्यातला सर्वांत मोकळा बघून तो घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ‘३ मोकळा दिसतोय’ म्हणून तो घेऊ नका. १ आणि ६ दोन्हींचा त्रास वाट्याला येतो. टीव्ही आणि लॅपटॉप ५ गीगाहर्ट्झवर न्या. एक खात्री आधीच करा : लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडूनही रात्री वेग पडत असेल, तर दोष वाय-फायचा नाही, बाहेरच्या जोडणीचा आहे.

लाईट गेली की नेट जातं. फायबरला कुठं वीज लागते? (उचगाव)

तारेला लागत नाही, पण तिच्यातल्या प्रकाशाचं इंटरनेट करणाऱ्या ओएनटी डब्याला लागते. त्याच्या अॅडॉप्टरवर ‘आउटपुट’ वाचा. बऱ्याचदा १२ व्होल्ट असतं. व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिन नेमकी बसणारी, असा छोटा डीसी यूपीएस घ्या. राउटर वेगळा असेल, तर त्यालाही हवा. लाईट असताना ‘लॉस’चा लाल दिवा लागला, तर प्रकाशच पोहोचत नाहीये : तार कुठं दुमडली किंवा दाराच्या फटीत दाबली गेलीय का ते बघा. टोक काढून फडक्यानं पुसू नका, डोळ्यासमोर तर मुळीच धरू नका.