फाइवल : सूर्य की जीव?

‘ॲन अमेरिकन टेल’ (१९८६) या कार्टूनपटातल्या उंदराचं नाव फाइवल. ते फीबस या ग्रीक सूर्यदेवावरून आलं, हे खरं का, अशी विचारणा आहे.

ही व्युत्पत्ती बरीच जुनी आणि लोकप्रिय आहे. मला मात्र ती पटत नाही.

नाव यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतलं. मूळ रूप फाइवुश, लाडाचं फाइवल. पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये मुलाला बहुधा दोन नावं असत. हिब्रू नाव धर्मकार्यासाठी, यिडिश नाव घरीदारी हाक मारायला. बऱ्याच जोड्यांत दोन्हींचा अर्थ एकच : झ्वी हिर्श म्हणजे हरीण-हरीण, दोव्ह बेर म्हणजे अस्वल-अस्वल. फाइवुशची जोडी लागते ती उरी (माझा प्रकाश) किंवा श्रागा (अरमाईकमध्ये दिवा) यांच्याशी. त्यावरून फीबस सुचणं साहजिक आहे. पण घडलं उलट असावं : कुणा विद्वानाला फाइवुशमध्ये फीबस ऐकू आला आणि मग नावापुढे दिवा लागला!

दुसरं मूळ सांगतात ते लॅटिन ‘व्हीवुस’, म्हणजे जिवंत. ‘जीवन’ या अर्थाच्या हाइम या हिब्रू नावाचा हा बोलीतला जोडीदार. १२४० साली पॅरिसच्या जाहीर वादात तालमुद या ज्यू धर्मग्रंथाची बाजू लढवणारे रब्बी येहिएल फ्रेंचांत ‘व्हीव्ह’ म्हणूनच ओळखले जात. येहिएलमध्येही ‘जगणं’ आहेच. आता ‘व्ही’चा ‘फाइ’ कसा झाला? संत व्हीटुसचं जर्मन नाव बघा. लिहितात व्हीपासून, म्हणतात ‘फाइट’. व्हचा फ, दीर्घ ईचा आइ. व्हीवुसचा फाइवुस अगदी त्याच वाटेनं होतो. फीबसमधल्या बचा व कसा झाला, हे मात्र वेगळं सांगावं लागतं.

जाता जाता : व्हीवुस आणि आपला ‘जीव’ एकाच मूळ धातूचे. आपल्याकडच्या बेने इस्राएल या ज्यू समाजात यिडिश कधी नव्हती, पण हाइम होतं. त्या समाजाचा इतिहास लिहिणारे केहिमकर हाइमच.

अमेरिकेत गेलेले कितीतरी फाइवल पुढे ‘फिलिप’ झाले. या चित्रपटाचे एक कार्यकारी निर्माते स्पीलबर्ग यांचे आजोबा त्यातलेच. उंदराला नाव त्यांचंच दिलंय. आज हे नाव मुख्यतः कर्मठ घरांत, श्रागा फाइवल असं जोडीनं ठेवतात. चित्रपटातलं रोमन स्पेलिंग चकवतं, त्यामुळे काहीजण ‘फीवेल’ म्हणतात. उच्चार फाइवलच.