रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात रात्रीच्या गल्ल्यांचे फोटो कसे काढावेत?

रात्री जेवणानंतर वस्तीतल्या गल्ल्यांतून फिरताना फ्लॅश न वापरता काढलेल्या तुमच्या फोटोंत दिव्यांच्या जागी पांढरे गोळे उमटतात, उरलेली गल्ली काळीठिक्कर पडते आणि जे काही दिसते ते सगळे नारिंगी होऊन जाते, अशी तुमची तक्रार आहे. त्यावर नवा कॅमेरा घ्यावा का, असेही तुम्ही विचारले आहे. नवा कॅमेरा घेऊ नका. पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये मी बरीच वर्षे याच प्रकारचे फोटो काढत आलो आहे, आणि माझे ठाम मत असे आहे की या तिन्ही अडचणींचे मूळ दिवा कोठे आहे आणि आपण त्याच्या कोणत्या बाजूला उभे आहोत, यात असते. दिवसा आपण घर निवडतो आणि उजेड त्याच्यावर पडलेलाच असतो. रात्री आधी दिवा निवडावा लागतो, आणि त्या दिव्याने जे घर, जी भिंत किंवा जो जिना उजळला असेल तोच आपला विषय होतो.

उजेड किती कमी असतो याचा अंदाज आधी घेऊ. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १ लाख लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड पडतो. रस्त्यावरील दिव्यांसाठीचे भारतीय मानक, आयएस १९४४, बऱ्यापैकी वर्दळीच्या दुय्यम रस्त्यांना सरासरी ८ लक्स आणि तुरळक वाहतुकीच्या रस्त्यांना ४ लक्स इतकाच उजेड सांगते, म्हणजे गल्लीत उन्हाच्या पंचवीस हजारावा हिस्सासुद्धा मुश्किलीने मिळतो. शिवाय तो सगळीकडे सारखा नसतो. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश होतो, त्यामुळे खांबाखालची जागा आणि दोन खांबांच्या मधली जागा यांत इतका फरक पडतो की एकाच एक्स्पोजरमध्ये, म्हणजे एका फोटोसाठी कॅमेऱ्यात घेतलेल्या उजेडात, दोन्ही नीट येणे कठीण असते. डोळा हा फरक सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. चौकटीत दिवा आला की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्याला बिचकून सगळे काळे करतो, आणि दिवा नसला की तोच मीटर रात्रीची दुपार करून टाकतो. म्हणून मीटरवर विसंबू नका, सगळी मापे स्वतः ठरवायच्या मॅन्युअल मोडवर या.

ट्रायपॉड असेल तर आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके ते लहान) एफ/८ आणि शटर (उजेड आत येण्याचा वेळ) १० ते २० सेकंद, येथून सुरुवात करा. पडद्यावर फोटो पाहताना भिंतीवरचा उजेड जळलेला नाही ना आणि सावलीत काळेपणा शिल्लक आहे ना, एवढेच तपासा. सावली उजळण्याच्या मोहात पडू नका. गल्लीतला प्रत्येक कोपरा दिसू लागला की ती गल्ली रात्रीची राहत नाही. ट्रायपॉड नसेल तर एफ/१.८ ची लेन्स, आयएसओ ३२०० आणि शटर सुमारे १/३० सेकंद, एवढ्यावर काम भागते. दिव्याच्या अगदी खाली उभ्या असलेल्या माणसासाठी १/६० सुद्धा पुरते. शटर याहून फार वेगवान करू नका. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने सोडियमचे दिवे, जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, आणि १/२०० किंवा १/५०० वर फोटोत आडव्या काळपट पट्ट्या उमटू शकतात. १/५० किंवा १/१०० हे वेग त्या दृष्टीने सुरक्षित आहेत.

आता पांढऱ्या गोळ्यांविषयी. यावरचा उपाय जुना आहे आणि तो साधनांचा नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसचे रस्ते रात्री टिपणारा छायाचित्रकार ब्रासाई दिवा एखाद्या झाडाच्या बुंध्यामागे किंवा खांबामागे लपेल अशा जागी उभा राहत असे. फिल्मऐवजी वापरल्या जाणाऱ्या काचेच्या प्लेटवर फोटो उमटायला लागणारा वेळ तो सिगारेट जळण्याच्या वेळेवरून मोजत असे. दिवा दिसत नाही, त्याने उजळलेले सगळे दिसते, आणि ज्या वस्तूने दिवा झाकला तिच्या कडा उजळून निघतात. आपल्या गल्ल्यांत झाकायला वस्तूंची कमतरता नाही: पिंपळाचा बुंधा, गॅलरीचा कोपरा, दुकानाची पाटी, ट्रान्सफॉर्मरची पेटी. एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकल्यावर चित्र बदलते, म्हणून ट्रायपॉड उघडण्याआधी हातात कॅमेरा घेऊन चालून पाहा. दिवा चौकटीत हवाच असेल तर एफ/११ किंवा एफ/१६ वर त्याच्याभोवती किरणांचा तारा उमटतो. लेन्सच्या अ‍ॅपर्चरच्या पाती सम असतील तर पात्यांइतके किरण दिसतात, विषम असतील तर दुप्पट. हा तारा मला क्वचितच आवडतो, कारण तो नजर घरावरून काढून दिव्याकडे खेचतो. मात्र लेन्सवरचा संरक्षक फिल्टर न चुकता काढून ठेवा. दिव्यांची प्रतिबिंबे त्या काचेतून उलटून आकाशात हिरवट ठिपक्यांच्या रूपाने उमटतात आणि नंतर ती पुसणे त्रासाचे होते. मोबाइल वापरत असाल तर फोटो काढण्यापूर्वी लेन्स स्वच्छ रुमालाने पुसा. बोटांच्या तेलकट डागामुळे प्रत्येक दिव्याला लांब शेपटी फुटते.

नारिंगी रंगाचा प्रश्न अधिक खोल आहे, आणि मला स्वतःला सर्वांत जास्त गोडी याच भागाची आहे. आपल्याकडे अनेक वर्षे रस्त्यांवर उच्च दाबाचे सोडियम दिवे होते. त्यांचे रंगतापमान (आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा-तांबडा) २००० केल्व्हिनच्या आसपास असते, तर बहुतेक कॅमेऱ्यांतील व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्याच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवण्याची सोय, २५०० केल्व्हिनपर्यंतच खाली जातो. म्हणजे तुम्ही काहीही केले तरी कॅमेऱ्यात थोडा पिवळेपणा उरणारच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या उजेडात निळा रंग जवळजवळ नसतो. जो रंग दिव्यातच नाही, तो भिंतीवरून परत कसा येणार? निळी खिडकी तेथे काळपट राखाडी दिसते, आणि संगणकावर ओढूनताणून निळा वाढवला तर फोटोतले रवाळ दाणे फक्त वाढतात. उलट लाल रंग सगळ्यांत आधी जळतो. साधा हिस्टोग्राम (डावीकडे काळे, उजवीकडे उजळ भाग दाखवणारा फोटोचा आलेख) सगळे ठीक असल्याचे सांगतो तेव्हाही लाल रंगाचा आलेख उजव्या कडेला आदळलेला असू शकतो, म्हणून तिन्ही रंगांचे आलेख वेगळे दाखवणारा हिस्टोग्राम चालू ठेवा, त्यातील लाल रंगावरून एक्स्पोजर ठरवा आणि फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या प्रकारात, घ्या. नंतर पिवळेपणा पूर्ण काढू नका, निम्माच काढा. दगडी जोते, लाकडी दार आणि चुन्याची भिंत यांना तो उजेड शोभतो. पणजीच्या फोंतान्यासारख्या वस्तीत मात्र, जेथे घरांचे निळे, पिवळे, तांबडे रंग हाच विषय आहे, तेथे सोडियमच्या उजेडात अर्धे चित्र हरवते. अशा ठिकाणी दिवेलागणीची वेळ गाठावी. आपल्या अक्षांशावर सूर्यास्तानंतरचा उपयोगी संधिप्रकाश सुमारे वीस-पंचवीस मिनिटेच टिकतो, पण तेवढ्या वेळात आकाशाचा निळा उजेड सावल्या भरून काढतो आणि दिवेही लागलेले असतात.

जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची रस्त्यांवरील दिवे बदलण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली आणि तेव्हापासून शहरोशहरी सोडियम जाऊन पांढरे एलईडी आले. विजेची बचत झाली, रंगही खरे दिसू लागले, हे मान्यच केले पाहिजे. त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हवर पांढरे दिवे लागले तेव्हा राणीचा रत्नहार फिका पडला म्हणून लोकांनी ओरड केली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पुढे तेथे पुन्हा पिवळसर दिवे आले. ही हळवेपणाची बाब नव्हती. शहराचा रात्रीचा चेहरा दिव्याच्या रंगाने घडतो, हे लोकांनी ओळखले होते. छायाचित्रकाराला हा फरक सावलीतही दिसतो. सदाशिव पेठेतल्या एका बोळात वाड्याच्या भिंतीवर शेवग्याच्या झाडाची सावली पडते. सोडियमचा दिवा होता तेव्हा ती एकसंध आणि कडांना मऊ होती. आता एलईडीच्या पट्टीत अनेक छोटे दिवे असल्याने प्रत्येक फांदीच्या तीन-चार कडा एकमेकींवर चढलेल्या दिसतात. वारा असेल तर पंधरा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये त्या कडा विरघळतात आणि भिंतीचा पोपडा, तिच्यावरचा विजेच्या मीटरचा डबा, त्यातून निघालेल्या वायरी मात्र रेखीव राहतात. असे फोटो मला नव्या दिव्यांनीच दिले. तरीही तुमच्या गावात कोठे सोडियमचे दिवे उरले असतील तर त्या गल्ल्या आधी टिपून ठेवा, कारण ते एका रात्रीत बदलले जातात आणि पुन्हा मिळत नाहीत.

बहुतेक गल्ल्यांत आता दोन्हींची मिसळण असते: खांबावर पांढरा एलईडी, वाड्याच्या दिंडीत पिवळा बल्ब, वरच्या मजल्यावर ट्यूबलाइट. सगळे एका रंगाचे करण्याचा प्रयत्न सोडून द्या. ज्या दिव्याचा उजेड चौकटीत सर्वांत जास्त पसरला आहे त्याला प्रमाण मानून व्हाइट बॅलन्स ठरवा आणि इतरांना त्यांच्या रंगात राहू द्या. पांढऱ्या गल्लीतील एकच पिवळी खिडकी पाहणाऱ्याला लगेच घराच्या आत नेते. पाऊस नुकताच थांबलेला असेल तर लगेच बाहेर पडा. ओला डांबरी रस्ता दिव्याचा उजेड परत फेकतो आणि दोन खांबांमधला काळोख आपोआप भरतो.

बाकीच्या तांत्रिक गोष्टी थोड्या आहेत. अंधारात ऑटोफोकस चाचपडतो, म्हणून दाराची पाटी किंवा खिडकीचे गज अशी उजळलेली ठळक कड पडद्यावर मोठी करून फोकस हाताने लावा. ट्रायपॉडवर लेन्सची स्थिरीकरणाची सोय बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर वापरा. मध्येच दुचाकी आली तर शटर बंद न करता काळा पुठ्ठा लेन्ससमोर धरा, ती गेल्यावर काढा आणि तेवढा वेळ पुढे वाढवा. मोबाइलचा नाइट मोड अनेक फोटो एकत्र करून गल्ली गरजेपेक्षा जास्त उजळतो; पडद्यावर बोट ठेवून उजेड खाली ओढा.

तुम्ही विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. ही लोकांची घरे आहेत. रात्री दहानंतर कोणी अनोळखी माणूस दारासमोर ट्रायपॉड लावून उभा राहिला तर आतल्या माणसाला धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. फोंतान्यातील रहिवाशांनी तर फोटोवाल्यांच्या गर्दीला कंटाळून उघड नाराजी व्यक्त केली आहे. मी शक्यतो दिवसा त्याच गल्लीत एक फेरी मारतो, ओट्यावर बसलेल्या आजोबांना किंवा वॉचमनला ‘काका, रात्री या भिंतीचा फोटो काढायला येऊ का?’ असे विचारतो, आणि रात्री त्यांनाच आधी हाक मारतो. उघड्या खिडकीच्या आत माणूस दिसत असेल तर ती चौकट सोडून देतो, ती कितीही सुंदर असली तरी. फोटो छापून त्या घरी नेऊन दिला की पुढच्या वेळी गच्चीचे दारही उघडते, आणि गच्चीवरून दिवे डोळ्यांच्या पातळीला येतात, हा फायदा लहान नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी वजनदार, न हलणारा ट्रायपॉड घ्या. त्यानंतर जास्त रुंद दृश्य टिपणारी ३५ मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घ्या, कारण अरुंद बोळात ५० मिलिमीटरला मागे सरकायला जागा उरत नाही. तुमच्याकडे आज असलेला कॅमेरा रॉ फाइल देत असेल आणि त्याचे शटर ३० सेकंद उघडे राहत असेल, तर या कामासाठी तो पुरेसा आहे.