साहेब बदलले, आता माझं काय?

'नवीन साहेबांच्या लेखी मला किंमत नाही, राजीनामा देऊन टाकू का?' एप्रिल-मेमध्ये हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. आर्थिक वर्ष संपलं की खुर्च्या हलतात. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्लॅनिंग बघणाऱ्या गृहस्थांची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय पन्नाशीच्या आसपास. जुने साहेब निवृत्त झाले आणि बाहेरून चाळिशीचे प्लँट हेड आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "तुम्ही नेमकं काय काम बघता?" तेव्हापासून यांची झोप उडाली. "मॅडम, जुन्या साहेबांना मी नुसतं 'होईल' म्हटलं तरी पुरायचं. हे प्रत्येक गोष्टीला मेल टाका म्हणतात. म्हणजे भरवसाच नाही ना?"

'बदल स्वीकारा' हा सल्ला द्यायला सोपा आणि बिनकामाचा. यांचं खरोखरच काहीतरी गेलं होतं. वीस वर्षांत कमावलेली पत कुठल्याच फायलीत नव्हती. ती एका माणसाच्या मनात होती आणि त्याच्याबरोबरच निवृत्त झाली. वाईट वाटणारच. पहिली भेट त्यावरच गेली.

मग एक वही करायला सांगितली. डाव्या पानावर घडलं ते, उजव्या पानावर आपण लावलेला अर्थ. डावीकडे लिहून आणलं, 'मीटिंगमध्ये डिस्पॅचची तारीख मला दोनदा विचारली.' उजवीकडे, 'मला काढायचं ठरलंय.' वाचता वाचता स्वतःच म्हणाले, "इतकं काही नसेल हो."

व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी माणसांचे दोन प्रकार सांगितले आहेत, वाचणारे आणि ऐकणारे. वाचणाऱ्याला तोंडी कितीही सांगा, कागद समोर आल्याशिवाय त्याला ते नीट उमगत नाही. हे साहेब उघडच वाचणारे होते, आणि यांचा सगळा कारभार तोंडी. ठरलं असं की सकाळच्या मीटिंगआधी पाच ओळींचा मेल जाईल: आज काय निघणार, कुठला पार्ट कोणत्या व्हेंडरकडे अडकलाय, साहेबांकडून काय हवंय. यांना ती चमचेगिरी वाटली. मी मेल वाचून दाखवायला लावला. "यात साहेबांचं कौतुक कुठंय?" नव्हतंच. पार्ट नंबर आणि तारखा, बस.

झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आणि साहेब चारचौघांत अपमान करत असतील तर असल्या मेलनं भागत नाही. तारीखवार नोंदी ठेवून एचआरकडे जावं लागतं.

यांचं तसं नव्हतं. दोनेक महिन्यांनी एका व्हेंडरचा विषय निघाला तेव्हा साहेबच म्हणाले, "यांना विचारा." ओव्हरटाइम मंजूर करायचा अधिकार मात्र गेला तो गेलाच, आणि त्याची सल आहे. राजीनाम्याचं आता बोलत नाहीत. तरी बायोडेटा तयार ठेवा म्हटलं होतं, तो त्यांनी मुलीकडून टाइप करून घेतलाय.