गगनबावड्याचा पाऊस उपग्रहाच्या आकड्यात येत नाही. कोणता गुणक लावू?

(प्रश्नकर्ते पंचगंगा खोऱ्यासाठी इन्सॅट या हवामान उपग्रहावरून रोजचा पाऊस काढतायत आणि तो गगनबावड्याच्या पर्जन्यमापकाशी जुळत नाही.)

कुठलाच लावू नका. शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच, आणि आषाढात घाटावर उपग्रहाचा आकडा बऱ्याचदा शून्याच्या आसपासच घुटमळतो.

याच गुणकावरून एका अभियंत्यांशी माझा दोन पावसाळे वाद चालला. त्यांचं एकच पालुपद, "उपग्रहच खोटा की ओ!" शेवटी त्यांचा तक्ता उघडला. मापक वाचतात सकाळी साडेआठला, म्हणजे 03:00 यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). यांची उपग्रहाची बेरीज 00 ते 24 यूटीसी, म्हणजे पहाटे साडेपाच ते साडेपाच. सकाळी सहाला कोसळलेली सर मापकात आजच्या खात्यावर, यांच्याकडे उद्याच्या! अर्ध्या तासाच्या 48 फाइली 03:00 पासून मोजून घ्या. फाइल गहाळ असेल तर शून्य धरू नका, 48 पैकी किती मिळाल्या ते शेजारी लिहा. माहिती नसल्याची खूण म्हणून टाकलेला ऋण आकडा बेरजेत शिरतो, तोही आधी काढा.

घड्याळ जुळवल्यावरही गगनबावडा कोरडाच राहिला. यात उपग्रहाचा दोष नाही. अवरक्त (इन्फ्रारेड) चॅनेलला पाऊस दिसत नाही, ढगाच्या माथ्याचं तापमान दिसतं. जुना ठोकताळा असा: माथा 235 केल्व्हिनहून (उणे 38 अंश सेल्सिअस) थंड असेल तर तासाला 3 मिमी, नसेल तर काही नाही. हायड्रो-एस्टिमेटर या उपग्रहावरून पाऊस काढायच्या पद्धतीत वाऱ्याची आणि डोंगराची दुरुस्ती असते, पण सुरुवात त्याच तापमानापासून. आता घाटात ओली हवा कडा चढते, ढग बुटकाच राहतो, माथा 270-280 केल्व्हिनचा (शून्य अंशाच्या आसपास), बर्फाचा पत्ता नाही, आणि तरी दिवसभर धो-धो. दिवसा एक उपाय आहे. दृश्य चॅनेलमध्ये पांढराशुभ्र, 1.6 मायक्रॉन तरंगलांबीच्या चॅनेलमध्ये काळपट आणि माथा 273 च्या वर असेल, तर थेंब मोठे झालेत. तिथे पावसाची शक्यता धरा. रात्री हे जमत नाही.

मग मापकांशी जोडताना गुणोत्तर न घेता फरक घ्या, आणि घाटाचा पट्टा वेगळा ठेवा. कोल्हापूर ते गगनबावडा 55 किमी, म्हणजे उपग्रहचित्रातले 4 किमीचे जेमतेम 14 पिक्सेल (चौकोनी ठिपके). शहरातल्या मापकाची दुरुस्ती तिथवर ओढत नेणं म्हणजे निव्वळ आळस. एक मापक तपासणीसाठी बाजूला ठेवा, जोडणीत वापरू नका.

हे सगळं आषाढाचं. वळवाच्या पावसात चूक उलटी होते. माथा 15 किमीवर असेल, तर विषुववृत्तावर 74° पूर्व रेखांशाशी असलेल्या इन्सॅट-3डीआर उपग्रहाला तो कोल्हापुरात सव्वापाच किमी उत्तरेला सरकलेला दिसतो, पिक्सेलभराहून जास्त. तेवढा दक्षिणेला आणा. ऐरणीसारखा पसरलेला पातळ माथाही थंड असतो, पण त्याखाली पाऊस नसतो. 10.8 आणि 12 मायक्रॉनच्या अवरक्त चॅनेलांनी दाखवलेल्या तापमानात 3 केल्व्हिनहून जास्त फरक दिसला की तो भाग वगळा. हा 3 आपल्या नोंदींवर ताडून घ्यावा लागतो.

अन् हो, मापकही देव नाही. टिपिंग बकेट (भरलं की कलंडणाऱ्या छोट्या भांड्याचं मापक) मुसळधार पावसात कमी मोजतं, घाटात नरसाळ्यात पानं अडकतात.

तुमचा दिवस किती वाजता सुरू होतो ते आधी कळवा. गुणकाचं नंतर बोलू.