गावचं मैदान: निधीच्या आधी सातबारा

प्रश्न : आमच्या गावात (जि. वर्धा) शाळेमागे दीडेक एकर जागा पडीक आहे. तिथे पोरांसाठी मैदान आणि थोडी बाग करायची आहे. सचिव म्हणतात, पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा त्याला लावता येत नाही. मग निधी कुठून आणायचा?

उत्तर : सचिवांचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. त्या निधीतला (२०२१-२६) ६० टक्के बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेल्या ४० टक्क्यांतून मैदान होऊ शकतं; फक्त काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आलेलं हवं.

पण आधी सातबारा काढा. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनी गावोगाव आहेत, मग तिथे एक झुडूप नसो. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ मे २०२५ च्या निकालाने ही जमीन वनजमीनच ठरते. केंद्राच्या परवानगीशिवाय तिथे मुरमाची एक ट्रॉलीही टाकू नका. गायरान निघालं तर जागा शासनाची. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागेल. शाळेच्या नावावर असेल तर जिल्हा परिषदेची ना-हरकत घ्या.

जागेचं निस्तरलं की ग्रामसभेचा ठराव (गणपूर्ती : १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी ते), सातबारा, नकाशा आणि अभियंत्याचं अंदाजपत्रक जोडून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे क्रीडांगण विकास अनुदान मागा. सपाटीकरण, धावपट्टी, कुंपण त्यात बसतं. बागेसाठी, लोकसंख्या ५,००० च्या वर असेल तर, नागरी सुविधा योजना पाहा. एकच कुंपण दोन्हीकडे दाखवू नका, लेखापरीक्षणात हमखास सापडतं.

प्रश्न : शेजारच्या गावात झोपाळे आणि व्यायामाची साधनं दोन पावसाळ्यांत तिरपी झाली, पेव्हर वर आले. असं का?

उत्तर : काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं सगळं हलवते. पेव्हरखालची माती किमान दीड फूट काढा. मुरूम १५-१५ सेंटिमीटरच्या थरात, पाणी मारून, रोलरने दाबा. शंभर फुटांना एक फूट उतार द्या, पाणी थांबलं की माती पुन्हा फुगते. साधनांचे पाय भेगांच्या खोलीखाली, काँक्रीटमध्ये घ्या. झोपाळ्याखाली मात्र फूटभर वाळूच हवी. पोरगं पडलं तर काँक्रीटवर डोकं फुटतं.

अंदाजपत्रकात मुरमाचे थर आणि दबाई वेगळी लिहून घ्या. थर मोजून मोजमाप पुस्तिकेत चढल्याशिवाय पेव्हर बसवू देऊ नका. झाकलेला मुरूम नंतर कोणी मोजत नाही.