गाइडलाइन पारखताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी रुग्णालयात एखादी गाइडलाइन लागू करायची आहे. दोन हाताशी आहेत, दोन्ही मोठ्या संस्थांच्या. अ‍ॅग्री-२ (गाइडलाइन किती भरवशाच्या पद्धतीने तयार झाली, हे सहा विभागांत गुण देऊन तपासण्याची प्रश्नावली) वापरून आम्ही दोघींनी गुण दिले, तर दोन्हींना साठ टक्क्यांच्या वर पडले. आता निवड कशावर करायची? (परिचारिका अधीक्षक, सांगली)

उत्तर: हे साठ टक्के कशाचे, ते पत्रात नाही. सहाही विभागांची सरासरी काढली असेल तर ती आधी खोडून टाका. अ‍ॅग्री-२ मध्ये २३ मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ७ गुण, आणि विभागवार टक्के वेगवेगळेच ठेवायचे असतात. एकत्र केले की सुबक मांडणीला मिळालेले गुण पुराव्याच्या शोधातली ढिलाई झाकून टाकतात.

दुसरी नेहमीची चूक हिशेबात होते. तिसरा विभाग (गाइडलाइन किती काटेकोरपणे तयार केली) आठ मुद्द्यांचा आहे. परीक्षक दोन असतील तर जास्तीत जास्त गुण ७×८×२ म्हणजे ११२, आणि कमीत कमी १×८×२ म्हणजे १६. तुमची बेरीज ७६ आली, तर ७६ मधून १६ वजा करून ६० आणि ११२ मधून १६ वजा करून ९६. ६० भागिले ९६, म्हणजे ६२.५ टक्के. अनेक जण थेट ७६ ला ११२ ने भागतात आणि ६८ टक्के लिहितात. त्या हिशेबाने प्रत्येक मुद्द्याला १ मिळालेली गाइडलाइनसुद्धा १४ टक्के घेऊन जाते, जिथे शून्य यायला हवे. परीक्षक किमान दोन चालतात, चार असतील तर उत्तम. गुण मात्र एकमेकींना न विचारता द्या. एकीने ६ आणि दुसरीने २ दिले असतील तर मधला ४ धरू नका. मजकुराचे नेमके पान दोघींनी उघडून बघा. बहुतेक वेळा एकीने पद्धतीची पुरवणी वाचलेलीच नसते. माहिती कुठेच दिलेली नसेल तर १, 'केलेच असेल' म्हणून ४ नाही.

किती टक्क्यांना उत्तीर्ण, हे अ‍ॅग्रीने ठरवून दिलेले नाही. आमच्या मते आधी तिसरा आणि सहावा विभाग बघा. सहावा म्हणजे पैसा कोणाचा आणि समितीतल्यांचे हितसंबंध काय. 'सर्व सदस्यांनी हितसंबंध जाहीर केले' या एका वाक्यावर पूर्ण गुण देऊ नका. ज्याचा संबंध निघाला त्याला मतदानातून बाहेर ठेवले का, हे लिहिलेले हवे.

मग बारावा मुद्दा: शिफारस आणि पुरावा यांचा सांधा. हा नमुन्यावर तपासता येतो. संवेदना गेलेल्या तळव्याच्या जखमेवरचा भार कमी करण्यासाठी गुडघ्यापर्यंतचे, रुग्णाला काढता न येणारे साधन वापरा, ही शिफारस घ्या. तिच्याशी जोडलेला पुराव्याचा तक्ता काढा आणि त्या चाचण्यांत कोणते रुग्ण घेतले होते ते वाचा. जंतुसंसर्ग झालेले किंवा रक्तपुरवठा कमी असलेले वगळले होते का? वगळले असतील आणि शिफारस तरी सरसकट केली असेल, तर सांधा कच्चा आहे.

दोन्ही गाइडलाइन इथवर सारख्या निघाल्या तर पाचवा विभाग (शिफारशी प्रत्यक्षात राबवता येतील का) बघा. ते न काढता येणारे साधन, म्हणजे प्लास्टर, घालणारा शिकलेला माणूस तुमच्याकडे आहे का, खर्च कोण देणार, याचा विचार जिच्यात आहे ती घ्या.

प्रश्न: 'ठाम शिफारस, पुरावा अत्यंत कमी खात्रीचा' असे एका ठिकाणी वाचले. हा विरोधाभास नाही का? (निवासी डॉक्टर, नागपूर)

उत्तर: कधी कधी नाही. ग्रेड या पुराव्याचा दर्जा ठरवण्याच्या पद्धतीत पुराव्याची खात्री आणि शिफारशीचा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रँडमाइज्ड चाचण्या (कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणाऱ्या) 'उच्च' खात्रीवर सुरू होतात, निरीक्षणात्मक अभ्यास (उपचार न ठरवता नुसते पाहणारे) 'कमी'वर. पुढे पाच कारणांनी पायरी उतरते: चाचणीतला पक्षपात, निष्कर्षांतली विसंगती, चाचणीतले रुग्ण किंवा उपचार आपल्या प्रश्नातल्यांपेक्षा वेगळे असणे, परिणामाचा अंदाज फार रुंद पट्ट्यात असणे, आणि नकोसे निकाल न छापणे. वॉरफेरिन (रक्त गोठू न देणारे औषध) घेणाऱ्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला तर त्याचा परिणाम उलटवणारे व्हिटॅमिन के द्या, ही शिफारस कमी खात्रीच्या पुराव्यावरही ठाम असू शकते, कारण न दिल्याची किंमत जीव आहे.

पण असे अपवादाचे कारण लिहिलेले नसेल आणि पानामागून पान ठाम शिफारशी असतील, तर सावध व्हा. अमेरिकेतल्या हृदयरोग संस्थांच्या शिफारशींची २००९ मध्ये छाननी झाली, तेव्हा सर्वांत भक्कम दर्जाचा पुरावा सुमारे ११ टक्के शिफारशींनाच होता. जवळपास निम्म्या तज्ज्ञमतावर किंवा त्याच्या आसपासच्या आधारावर उभ्या होत्या. आणि तेही नामांकित संस्थांचे काम!

प्रश्न: वडिलांचे बीपी १३४/८४. एक गाइडलाइन म्हणते हे उच्च रक्तदाबात मोडते, दुसरी म्हणते औषध नको. खरे काय? (पुणे)

उत्तर: दोन्ही वेगळ्या प्रश्नाची उत्तरे देत आहेत. २०१७ च्या अमेरिकन गाइडलाइनने उच्च रक्तदाबाची व्याख्याच १३०/८० वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची गाइडलाइन औषध कधी सुरू करायचे ते सांगते: एरवी १४०/९० पासून, पण आधीच हृदयविकार असेल तर वरचा आकडा १३० ते १३९ असतानाही. मधुमेह, मूत्रपिंडविकार किंवा हृदयविकाराचा धोका जास्त असेल तर त्याच आकड्यांना औषधाची शिफारस आहे, मात्र ती सशर्त. म्हणजे वडिलांना यातले काय आहे, यावर उत्तर बदलते. ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

आणखी एक गोष्ट. अमेरिकन बदलाला मोठा आधार मिळाला तो २०१५ च्या स्प्रिंट चाचणीचा, म्हणजे बीपी आणखी खाली आणण्याचा फायदा तपासणाऱ्या चाचणीचा. तिच्यात मधुमेही घेतलेच नव्हते. तिथे बीपी मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसवायचे, मग स्वयंचलित यंत्राने तीन नोंदींची सरासरी. जिना चढून आलेल्या माणसाचा ओपीडीत घेतलेला एकच आकडा तिथल्या आकड्याशी जुळवू नका.

प्रश्न: सरकारी परिपत्रक म्हणजे पुराव्यावर आधारित गाइडलाइन मानायची का? (फोंडा)

उत्तर: आपोआप नाही. मे २०२१ मध्ये गोव्यात १८ वर्षांवरील सर्वांना कोविड टाळण्यासाठी आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध देण्याची घोषणा झाली. त्याआधीच, ३१ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने कोविडच्या रुग्णांनाही ते फक्त चाचणीचा भाग म्हणूनच द्यावे असे म्हटले होते. परिपत्रकात तीन गोष्टी शोधा: पुरावा कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत शोधला, कोणी तपासला, फेरविचार कधी. एकही सापडली नाही तर तो प्रशासकीय आदेश आहे. तो पाळणे बंधनकारक असू शकेल, पण अ‍ॅग्रीचे गुण देण्यात वेळ घालवू नका.