मेसाच्या ‘युटिल’मध्ये हात घालण्याआधी

लिनक्सवर ओपनजीएल आणि व्हल्कन हे ग्राफिक्सचे इंटरफेस चालवणारा मेसा प्रकल्प ब्रायन पॉल यांनी १९९३ साली सुरू केला. त्यातले एएमडी, इंटेल, माली, अड्रीनो या ग्राफिक्स चिपांचे ड्रायव्हर हॅश टेबल (किल्लीवरून नोंद शोधून देणारा तक्ता), मेमरी, लॉक आणि कॅश या रोजच्या कामांसाठी ‘युटिल’ या एकाच फोल्डरवर विसंबून असतात. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : युटिलमधले हॅश टेबल जुन्या धाटणीचे वाटते. ते काढून स्विस टेबल (नव्या धाटणीचे वेगवान हॅश टेबल) घातले तर शेडर (ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होण्याचा वेळ कमी होईल का? (एक वाचक, नाशिक)

आधी मोजा. त्यातही दोन खड्डे आहेत. मेसा कंपाइल झालेले शेडर डिस्कवर साठवून ठेवते. त्यामुळे दुसऱ्या फेरीत कंपाइल काहीच होत नाही आणि तुमचा पॅच जादूई वेगवान भासतो. ‘मेसा शेडर कॅश डिसेबल’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ट्रू करूनच मोजायला बसा. दुसरा खड्डा बिल्डचा. मोजताना असर्ट (कोडमधल्या स्वतःची पडताळणी करणाऱ्या ओळी) बंद हवेत, म्हणून मेसन या बिल्डच्या साधनात ‘बी-एनडीबग’ हा पर्याय ट्रू असल्याची खात्री करा. हे का महत्त्वाचे, ते याच टेबलात दिसते.

हे टेबल ओपन ॲड्रेसिंगचे आहे, म्हणजे नोंदी थेट टेबलाच्या खणांतच राहतात. खणांची संख्या ठरलेल्या तक्त्यातून येते : १६ नोंदींपर्यंत १९ खण, त्यापुढे ३२ नोंदींपर्यंत ४३. १९ च्या जोडीला १७ ही दुसरी मूळ संख्या असते. किल्लीपासून काढलेल्या हॅश या संख्येला १९ ने भागून उरलेली बाकी म्हणजे पहिला खण. तो भरलेला निघाला तर हॅशला १७ ने भागून जी बाकी येते तिच्यात १ मिळवायचा आणि तेवढ्या खणांची उडी मारत जायचे. १९ मूळ संख्या असल्याने उडी १ ते १७ यांपैकी कितीचीही असो, सगळे खण एकेकदा पाहून होतात. भागाकार प्रोसेसरला महाग पडतो, पण इथे भाजक आधीच ठाऊक असतात. म्हणून प्रत्येकासाठी ६४ बिटांचा एक गुणक काढून ठेवला आहे आणि बाकी गुणाकारानेच निघते. असर्ट चालू असले की ही बाकी बरोबर आहे का हे पडताळायला खरा भागाकारही केला जातो! म्हणजे जे वाचवले तेच पुन्हा खर्च, आणि तुमचे आकडे कुचकामी.

आता स्विस टेबलाविषयी. आमचे मत : नको, निदान आधी तरी नको. कंपायलरच्या एकेका पासमध्ये (कोडवरच्या फेरीत) अशी टेबले तयार होतात, दहा-वीस नोंदी घेतात आणि टाकून दिली जातात. तिथे शोधण्याइतकाच टेबल उभारण्याचा खर्चही लागतो. ‘पर्फ’ या वेळ मोजणाऱ्या साधनात शोधण्याचे फंक्शन वर दिसले तर ते कोण बोलावतो ते पाहा. बरेचदा आधी ‘आहे का’ म्हणून शोध आणि नसेल तर भर, असा प्रकार सापडतो. यात एकच किल्ली दोनदा हॅश होते. आधीच काढलेला हॅश घेणारी शोधण्याची आणि भरण्याची फंक्शने युटिलमध्ये तयार आहेत, ती वापरा. नोंदी किती येणार हे माहीत असेल तर जागाही आधीच राखून ठेवता येते.

टेबलावरून फिरताना नोंद काढलेली चालते. त्या खणात फक्त ‘काढले’ अशी खूण राहते, खण हलत नाहीत. फिरताना भर मात्र घालू नका. टेबल वाढले की सगळे खण बदलतात आणि हातातला पॉइंटर मोकळ्या केलेल्या मेमरीकडे बोट दाखवत राहतो.

प्रश्न : पाइपलाइनची (शेडर आणि त्यांच्या सेटिंगच्या संचाची) किल्ली स्ट्रक्टमध्ये ठेवली आहे. सगळी फील्ड सारखी असूनही कॅशमध्ये जुळणी कधी होते, कधी नाही. (पुणे)

स्ट्रक्टमध्ये एक बाइटचे फील्ड आणि त्यामागे चार बाइटचे, असे काही आहे का? मग मधले तीन बाइट कंपायलरने मोकळे सोडलेले पॅडिंग आहे. फील्डे पाच बाइटची, स्ट्रक्ट आठ बाइटचा. हॅश आणि मेमकंप (बाइट ताडून पाहणारे फंक्शन) दोन्ही आठही बाइट वाचतात आणि त्या तिघांत स्टॅकवरचा जुना कचरा असतो. प्रोग्रॅम चुकत नाही, नुसता तोच शेडर पुन्हा पुन्हा कंपाइल करत बसतो, म्हणूनच हा बग वर्षानुवर्षे लपून राहतो. कंसात शून्य लिहून इनिशियलाइज केल्याने पॅडिंग शून्य होईलच याची हमी नाही. मेमसेटने पूर्ण स्ट्रक्ट पुसा आणि मगच फील्ड भरा. त्याहून पक्के म्हणजे तीन बाइटचे नावाचे फील्ड स्वतः घालून पॅडिंगच उरू न देणे. व्हॅलग्राइंड हे मेमरी तपासणारे साधन अशी जागा अचूक पकडते.

प्रश्न : आकडा पुढच्या पटीत नेणारे ‘अलाइन’ फंक्शन १२ बाइटच्या टेक्सेलसाठी (टेक्स्चरच्या एका ठिपक्यासाठी) चुकीचे उत्तर देते. हा बग नोंदवावा का? (कोल्हापूर)

बग नाही, अटीचा भंग आहे. हे फंक्शन आकड्यात ‘अलाइनमेंट उणे १’ मिळवते आणि खालचे बिट पुसते. हे फक्त दोनच्या घातांसाठी खरे. १३ ला १२ च्या पटीत न्यायचे तर २४ हवे. इथे १३ अधिक ११ बरोबर २४ येतात, पण ११ चे बिट (१०११) पुसले की उरतात १६. गंमत म्हणजे आधीच पटीत असलेले १२ दिले तर २० मिळतात. लाल-हिरवा-निळा असे तीन ३२ बिटी फ्लोट असलेल्या फॉरमॅटला ‘एनपॉट’ (दोनचा घात नसलेल्या मापांसाठीचे) नावाचे भाऊबंद फंक्शन वापरा. मोठ्या बफरचे माप काढताना ६४ बिटी आवृत्ती घ्या. ३२ बिटीत बेरीज ओसंडली की माप शून्यावर येते.

प्रश्न : आर-ॲलॉकने (युटिलमधल्या मेमरी देणाऱ्या फंक्शनने) छोट्या छोट्या स्ट्रिंग घेतल्या तर मेमरी फुगते. (ठाणे)

फुगणारच. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर पालक, मूल, मागचा, पुढचा आणि डिस्ट्रक्टर (मोकळे करताना चालणारे फंक्शन) असे पाच पॉइंटर असतात. ६४ बिटी यंत्रावर हे ४० बाइट, १६ च्या पटीत नेले की ४८. आठ बाइटच्या नावापायी ४८ बाइटची पगडी! एकत्रच मरणाऱ्या वस्तूंसाठी लिनियर ॲलोकेटर (एका मोठ्या तुकड्यातून ओळीने जागा देणारा) घ्या. त्यात एकेक तुकडा मोकळा करता येत नाही. म्हणून वाढत जाणारी स्ट्रिंग तिथे ठेवू नका, जुनी प्रत शेवटपर्यंत जागा अडवते.

प्रश्न : पॅच कसा पाठवायचा? (पणजी)

फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर मर्ज रिक्वेस्ट उघडा. इंडेंट तीन स्पेसचा, टॅब नाही. कमिटच्या शीर्षकाची सुरुवात ‘युटिल’ आणि कोलनने करा. मालिकेतला प्रत्येक पॅच एकटा कंपाइल झाला पाहिजे, नाहीतर पुढे बायसेक्ट करणारा (बग कोणत्या कमिटने शिरला ते शोधणारा) वैतागतो. मेसनमध्ये ‘बिल्ड-टेस्ट्स’ चालू करून ‘युटिल’ हा टेस्टचा गट चालवा आणि बग दुरुस्त केला असेल तर आधी नापास होणारी टेस्ट सोबत द्या. जुन्या कमिटमुळे बग शिरला असल्यास ‘फिक्सेस’ या ओळीत त्याचा हॅश लिहा. त्यावरून दुरुस्ती स्टेबल आवृत्तीत उचलली जाते.